ओतून दिलेला चीक

दूध आमच्या चुलत सासऱ्यांना, नानांना, घाबरतं. हे माझं म्हणणं नाही, गावाचं आहे. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात दूध संकलन केंद्र निघालं त्या दिवसापासून पस्तीस वर्षं नाना त्याच्या खिडकीत बसले, आणि त्या खिडकीपुढे किटली घेऊन उभा राहिलेला कुठलाही माणूस शपथेवर सांगेल, की नानांनी झाकण उघडलं की आतलं दूध आपणहून खरं बोलायला लागायचं. फॅट मोजायचं यंत्र पुष्कळ नंतर आलं. तोपर्यंत नानांचं नाक आणि त्यांच्या डाव्या अंगठ्याचं नख हेच यंत्र. नखावर एक थेंब घ्यायचा, अंगठा जरासा कलता करायचा, थेंब कसा ओघळतो ते बघायचं, आणि किटलीच्या मालकाकडे न पाहता विचारायचं, "हिरीचं घातलं का बोरचं?" सख्ख्या भावाचं, म्हणजे माझ्या आता हयात नसलेल्या सासऱ्यांचं दूध त्यांनी एकदा भर रांगेतून परत पाठवलं होतं. सासूबाई अजून ती गोष्ट सांगताना पदर तोंडाला लावतात. हसू लपवायला लावतात की राग, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

केंद्रातून नाना निवृत्त झाले, पण केंद्र काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. स्वतःचं मूलबाळ नाही, राहायचे आमच्याच घरी, काकी मी लग्न होऊन येण्याआधीच गेलेल्या, त्यामुळे साऱ्या जगाचं दूध तपासायला त्यांना मोकळा वेळ होता. चहाचा कप हातात आला की आधी वास. लग्नाच्या पंगतीत श्रीखंड आलं की चमचा पालथा करून बघायचे. माणसांनाही तीच मापं लावायचे. भाचीला सांगून आलेल्या एका चांगल्या शिकलेल्या मुलाला ते दहा मिनिटं न्याहाळत बसले आणि "डिग्री बसत न्हाई" एवढंच बोलून उठले. डिग्री म्हणजे दुधाच्या दाटपणाचं माप, पाहुणे समजले की मुलाचं शिक्षण कमी पडलं. माझ्याबद्दल त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सांगितलेलं मी माजघरातून ऐकलं होतं, "माल चांगला हाय, वैनी. पर लगीच तापतोय." ते खोटं नव्हतं. मी हायस्कुलात गणित शिकवते आणि माझा पारा कुठे जातो हे आठवीच्या पोरांना विचारावं.

सुनेशी बोलताना नाना सुनेकडे बघत नसत. ओसरीच्या भिंतीवर विजेचा मीटर आहे, त्याच्याकडे बघून बोलत. "सूनबाई, जेवन झालं का?" असं मीटरला विचारायचं, मी आतून हो म्हणायचं, आणि मीटरला मान डोलावून त्यांनी गोठ्याकडे जायचं, असा आमचा सहा वर्षांचा व्यवहार होता. अशा माणसाच्या हातात पुढे माझं दूध जावं, ही कल्पना त्यांना आणि मला दोघांनाही कुणी आधी सांगितली असती तर दोघांपैकी एकानं गाव सोडलं असतं.

जुळ्या मुली आठव्या महिन्यात झाल्या. नगरला, पोट उघडून. थोरली दोन किलोच्या आसपास भरली आणि माझ्या कुशीत आली. धाकटी सव्वा किलोची. तिला मी नीट पाहिलंही नाही, कापडात गुंडाळून दोन गल्ल्या पलीकडच्या लहान मुलांच्या दवाखान्यात नेली आणि काचेच्या पेटीत ठेवली. माझे यजमान चाकणला कंपनीत आहेत, त्यांना आठ दिवसांची रजा मिळालेली. ते त्या दुसऱ्या दवाखान्याच्या जिन्यात बसून असत. मला माहेर असं उरलेलं नाही, आई गेली, वडील भावाकडे सुरतेला. सासूबाई माझ्यापाशी. उरले नाना. धाकटीपर्यंत माझं दूध पोचवायचं काम त्यांच्याकडे आलं आणि ते तसं त्यांच्याकडेच यायला हवं होतं, असं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं. पस्तीस वर्षं दुसरं काय केलं होतं त्यांनी?

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनं माझ्यापाशी तासभर बसून हातानं पिळून पिळून जे काढलं, ते बाटलीच्या बुडालाही पुरतं लागलं नव्हतं. चमचाभर असेल. पिवळंधमक, दाट. टाके ओढत होते, अंगात कणकण होती, पण ती बाटली बघून मला रडू आलं, इतकं मला ते मोठं वाटलं. सासूबाईंनी बाटली रुमालात गुंडाळून बाहेर नानांच्या हातात दिली. नाना निघाले. दोन गल्ल्यांचा रस्ता. वाटेत एका कडुनिंबाखाली थांबून त्यांनी, सवयीनं, झाकण उघडलं. नखावर थेंब घेतला. रंग पाहिला, वास घेतला. आणि पस्तीस वर्षं जो नियम त्यांनी कुणाच्या बापासाठी मोडला नव्हता तो त्यांना आठवला: ताज्या व्यालेल्या गाईचा चीक केंद्रावर चालत नाही. तापवला की फुटतो, आणि सगळ्या कॅनचं वाटोळं करतो. दवाखान्यात सगळ्या लेकरांचं दूध एकत्रच तापवत असतील, असं त्यांनी गृहीत धरलं. गटारीत ओतणं बरं नव्हे म्हणून त्यांनी तो चीक झाडाच्या बुंध्याशी ओतला, कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर कढत पाणी मागून बाटली दोनदा विसळली, आणि रिकामी, लखलखीत बाटली त्या दवाखान्याच्या खिडकीत ठेवून सांगितलं, "आज माल न्हाई. चीक निघालाय. चार दिसानं दूध चालू हुईल."

खिडकीतली सिस्टर आधी हसली. तिला वाटलं म्हातारा थट्टा करतोय. मग बाटली उलटी करून बघितल्यावर ती जे बोलली ते नानांनी मला पुढे शब्दन् शब्द सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याकडं गाय व्याली की वासराला पहिलं काय पाजता?" नाना म्हणाले, "चीक." दुधाचा माणूस होता तो, त्याच्या आधी शेतकरी होता. तीनशे वासरांच्या तोंडात तरी त्यांनी स्वतःच्या बोटानं चीक घातला असेल. पण खिडकीत बसून बसून ते वासराची बाजू विसरले होते.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. बाटली सांडली म्हणाला असता. नानांनी आयुष्यभर नासकं दूध मालकाच्या तोंडावर परत केलं होतं, तसंच ते परत आले आणि माझ्या खाटेच्या पडद्याबाहेर उभं राहून सगळं सांगून टाकलं. तिथं मीटर नव्हता, ते सलाइनच्या दांडीकडे बघत होते, असं सासूबाई म्हणाल्या. मी त्या वेळी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी धाकटीला ताप भरला. चौथ्या दिवशी तिला श्वासाची नळी लावली, जंतुसंसर्ग आहे म्हणाले. तेव्हा मी बोलले. सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलले. "पोरीच्या तोंडचा घास यांनी झाडाला घातला, म्हणून ही वेळ आली." पलीकडच्या खाटेवरची बाई चुकचुकली. पडद्याखालून मला नानांच्या वहाणा दिसत होत्या. त्या बराच वेळ हलल्या नाहीत.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पाचव्या दिवशी मला घरी सोडलं. जाताना मी धाकटीला बघायला गेले आणि तिथल्या डॉक्टरांना चिकाचं विचारलं. ते म्हणाले, त्याचा काही संबंध नाही. जन्मल्या जन्मल्या तिचं जे रक्त घेतलं होतं त्यातच संसर्ग सापडलाय, म्हणजे तो पोटातूनच आला. मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "गर्भातलं पाणी नेमकं कधीपासून जात होतं?" दाखल होताना मी सांगितलं होतं, आज सकाळपासून. ते खरं नव्हतं. दोन दिवस थोडं थोडं जात होतं, आणि पाणी जायला लागलं की जंतूंना आत शिरायला वाट मिळते. सहामाहीच्या पेपरांचे दोन गठ्ठे उरले होते, ते संपवून रजेवर जायचं माझ्या डोक्यात होतं. हे काही वेगळंच असेल, जुळं आहे, वजनानं होत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत पेपर तपासत बसले. आणि दवाखान्यात गेल्यावर लाज वाटली म्हणून खोटं सांगितलं. डॉक्टरांना मी तेव्हा खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. "आता पुढचं बघू," म्हणाले. मी बाहेर आले. नाना जिन्यापाशी उभे होते. त्यांना तिथल्या तिथे सांगता आलं असतं, नाना, तुमचं काही चुकलं नाही. पण मग कुणाचं चुकलं, हे कुणीतरी विचारलं असतं. मी गाडीत जाऊन बसले.

घरी आल्यावर जे दिवस सुरू झाले त्यांना दिवस म्हणायला मन घेत नाही. यजमानांनी विजेवर चालणारा पंप मागवून दिला आणि ते चाकणला गेले. दर तीन तासांनी पंप, मधल्या वेळात थोरलीला अंगावर पाजायचं, ती दमून सोडायची, परत पाजायचं, भांडी उकळायची, की पुढच्या पंपाची वेळ. पंपाचा एक आवाज असतो, घुरघुर आणि मग एक सुस्कारा. त्या आवाजात मी भिंतीकडे बघत बसलेली असे. टाके ठणकत, छातीत गाठी होत, आणि बाटलीत थेंब पडत ते मी मोजू नये म्हणून सासूबाई तिच्यावर मोजा घालून ठेवत. थोरली माझी होती, पण तिच्याकडे बघून मला काही वाटत नव्हतं, हेही लिहून टाकते. जी समोर नव्हती तिच्यासाठी मी दूध काढत होते आणि जी समोर होती ती मला ओझं वाटत होती. सासूबाई डिंकाचे लाडू देत, अळिवाची खीर देत, मी ते गिळत होते.

आणि या साऱ्याचा कारभार ओसरीवरून नाना बघत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी सासूबाईंना बजावलं की दूध काढायच्या वेळी घरात आवाज नको. दचकली की गाय पान्हा चोरते. त्या वेळेपुरतं कुत्रं मळ्यात, कुकर गॅसवरून खाली, आणि समोरचा एक शेजारी ट्रॅक्टर चालू करायला गेला तर नाना त्याच्या चाकापुढे जाऊन उभे राहिले. पंपाच्या भांड्यांचा ताबा त्यांनी घेतला. सोड्याचं पाणी, मग साधं, मग उकळतं, मग केंद्रातून आणलेल्या धुवट मलमलीवर पालथी. त्यावर माशी बसली तर सगळं पहिल्यापासून. एकदा आत पंप चालू असताना बाहेरून त्यांचा गंभीर आवाज आला, "वैनी, मशीनचं प्रेशर जादा झालंय. आवाजावरनं कळतंय. आशानं सड दुखावतील." सड गाईला असतात; आपण काय बोललो आणि कुणाबद्दल बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. वहाणा वाजल्या. दिवसभर ते मळ्यातून परत आले नाहीत, जेवण तिकडेच पोचवावं लागलं. सासूबाई चुलीपाशी बसून पोट धरून हसल्या. प्रेशर मात्र खरंच जास्त होतं. मी ते कमी केलं आणि दुखायचं थांबलं, हे मी त्यांना कळू दिलं नाही.

रोज सकाळी दुधाचा टेम्पो नगरला जातो. त्याच्या पुढच्या सीटवर, मांडीवर रुंद तोंडाचा मोठा थर्मास, त्यात बर्फ आणि बर्फात माझ्या बाटल्या, असे नाना जाऊ लागले. मागे दोन हजार लिटर गाई-म्हशींचं आणि पुढे पाव लिटर माझं. ड्रायव्हरला गाणी लावायची बंदी. खड्डा आला की नाना थर्मास हातांवर अधांतरी उचलून धरत, हिसक्यांनी लोणी सुटेल म्हणून. एकदा कुणी म्हाताऱ्या ओळखीच्या बाईनं पुढे बसायला जागा मागितली, तर स्वतः मागे कॅनांच्या मधे उभे राहिले आणि तिला सीटवर थर्मास धरायला बसवलं, पण मधली जाळी बोटांनी धरून नगरपर्यंत तिच्या डोक्यावरून ते थर्मासकडे बघत होते. दवाखान्याच्या खिडकीत बाटल्या दिल्या की विचारायचं, "फॅट किती लागली?" ती सिस्टर आता त्यांची झाली होती. ती धाकटीचं वजन सांगायची. "आज वीस ग्राम वाढली, बाबा." मग ते वीस ग्राम घेऊन नाना परत येत, आधी केंद्रावर सांगत, मग ओसरीवर मीटरला सांगत. मी आतून ऐकत असे.

वजन घटलं की ते सांगायचे नाहीत, पण मला कळायचं, कारण त्या दिवशी ते आल्या आल्या थर्मास घासायला बसत. तिसऱ्या आठवड्यात असे चार दिवस ओळीनं आले. आणि माझं दूध आटलं. तास तास पंप लावून बाटलीचं बूड भिजत नव्हतं. सासूबाईंनी मला दुधात शतावरी दिली, पाठ शेकली, शेवटी माझ्याबरोबर रडल्या. नाना बाहेरून म्हणाले, "वासरू नसलं म्हंजी गाय..." आणि थांबले. वासरू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून गाईपुढे उभं करतात, ते त्यांच्या तोंडाशी आलं होतं, हे मला आत कळलं आणि त्यांना बाहेर कळलं. दुसऱ्या दिवशी नगरहून येताना त्यांनी एक प्लास्टिकची पिशवी आणली. त्या सिस्टरच्या हातापाया पडून धाकटीच्या डोक्यावरचं टोपडं मागून आणलं होतं, न धुतलेलं. "वैनी, हे सूनबाईच्या नाकापाशी धरा," म्हणाले आणि मळ्यात निघून गेले. त्या टोपड्याला औषधाचा वास होता आणि त्याखाली आणखी एक, थोरलीच्या टाळूला येतो तसला, पण तिचा नव्हे. मला पान्हा फुटला. साडी भिजली, पंप हातातच राहिला. इतकं रडून झाल्यावर तरी मी त्यांना सांगायला हवं होतं. तेव्हाही मी सांगितलं नाही. खरं कळलं तर त्यांचा उत्साह जाईल, उद्या टेम्पोत कोण बसेल, असं कारण मी मनाशी काढलं. ते कारणही खोटंच होतं. त्यांनी जाणं थांबवलं नसतं, एवढं मला कळत होतं.

चौतिसाव्या दिवशी धाकटी घरी आली. घरी आली म्हणजे सुटलो असं नव्हे. तिला ओढायचीच ताकद नव्हती. एका काखेत थोरली घोटघोट गिळतेय आणि दुसऱ्या काखेत ही छातीला गाल लावून झोपी जातेय, असे कितीक दिवस गेले. मग पंपानं काढलेलं दूध बोंडल्यानं तिच्या गालात सोडायचं. थेंब गेला की थांबायचं, गिळला की पुढचा. एका पाजण्याला तास लागे. नाना बोंडलं उकळून द्यायचे, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाहीत. अडीच महिन्यांची होताना एका सकाळी ती एकदम ओढायला लागली, चुटुक चुटुक आवाज करून. सासूबाई ओसरीवर ओरडत गेल्या. नाना म्हणाले, "झालं. माझं काम सपलं." त्यांनी थर्मास घासून, उन्हात वाळवून माळ्यावर ठेवला.

मला वाटलं होतं, आता ते दोघींना मांडीवर घेऊन बसतील. थोरलीला घेतलं. खांद्यावर टाकून गोठा दाखवला, केंद्रावर नेलं, तिच्या नखावर दुधाचा थेंब ठेवून तिला रडवलं. धाकटीला त्यांनी आजवर उचललेलं नाही. ती आली की हात पाठीमागे बांधतात. कुणी पाहुणा आला आणि म्हणाला, नाना, दुसरीलाही घ्या की, तर सांगतात, "हिच्या बाबतीत माज्या हातनं चूक झालीया. चीक टाकला मी हिचा. लांबूनच बरा." दर पाहुण्याला हेच. आणि दर वेळी मी तिथेच चहाचा ट्रे घेऊन उभी. पाहुणे माझ्याकडे बघायचे, सून काय म्हणते म्हणून. मी बशा गोळा करायची. दोन वर्षं आणि वर काही महिने, मी बशा गोळा केल्या.

धाकटी आता चालते, बोलते. बहिणीपेक्षा बारीक आहे, तिला सर्दी लवकर होते, बाकी काही नाही. नानांच्या मागे तीच जास्त असते. गेल्या आठवड्यात तिला ताप आला आणि आम्ही तिला पारनेरला दाखवायला नेलं. ताप साधाच होता. नाना बरोबर आलेले, पण दवाखान्यात आले नाहीत. मी औषध घेऊन बाहेर पडले तर ते रस्त्याच्या कडेला उन्हात उभे राहून रिक्षावाल्याला सांगत होते, चीक टाकला म्हणून हिला सारखं काहीतरी होतं. माझ्या कडेवरून ती हात पुढे करून "नाना, नाना" करत होती. त्यांनी हात मागे नेले. मी तिला घेऊन रिक्षात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोठ्यापुढे कॅन घासत होते. मी गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चिकानं काही झालं नव्हतं, संसर्ग पोटातूनच आला होता, डॉक्टरांनी मला तोंडानं सांगितलं होतं. नाना कॅनच्या आत बघत ऐकत होते.

"कवा सांगितलं डाक्टरनं?"

"पाचव्या दिवशी. मला घरी सोडलं तेव्हाच."

ते हसले. "आन् तू आत्ता सांगतीयास व्हय? अडीच वर्सानं?"

"हो. लपवलं मी. नाना, चूक माझी होती. दोन दिवस पाणी जात होतं, मी कुणाला बोलले नाही, पेपर तपासत बसले. दवाखान्यात खोटं सांगितलं. ते बाहेर येऊ नये म्हणून तुमच्या माथी राहू दिलं सगळं."

नानांनी हात धुतले, उपरण्याला पुसले. आणि माझ्याकडे बघून, सरळ माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "सूनबाई, मानसं वळखितो मी. तुज्या तोंडात तीळ भिजत न्हाई. राग आला तर वॉर्डात बोललीस, माज्या तोंडावर बोललीस. तू आसं अडीच वर्सं पोटात ठिवनारी न्हाईस. काल मी भाईर हुबा हुतो ते तू बगितलं, तवा मला बरं वाटावं म्हनून रातीत जुळवलंस हे. पानी म्हनं, प्येपर म्हनं. लई ग्वाड हायस तू. पर आसं सोताच्या अंगावर वढून घिऊ न्हाई."

"नाना, मी खरं सांगतेय."

"आसंल, आसंल," ते म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं.

मी शपथ घेतली. मुलींची शपथ घेववेना म्हणून स्वतःची घेतली. ते आणखीच हळवे झाले, त्यांनी डोळे पुसले, आणि मला म्हणाले, "जा, च्या पी."

तेवढ्यात धाकटी उठून अनवाणी बाहेर आली. तिला बघून नानांनी हात पाठीमागे बांधले आणि ते गोठ्याकडे वळले. ती त्यांच्या मागून गेली, आणि पाठीमागे बांधलेल्या त्या हातांतलं तिच्या उंचीला आलेलं एक बोट तिनं धरलं. नाना थबकले. त्यांनी बोट सोडवून घेतलं नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. तिच्या पावलाला जमेल इतकं हळू चालत ते दोघं गोठ्यात गेले.

मी उद्या परत सांगणार आहे. परवाही सांगेन. मी वाईट वागले हे त्यांना पटेपर्यंत मला सांगत राहावं लागेल, आणि नाना मला वाईट समजायला तयार नाहीत.